बास्केटबॉल सामन्याची आकडेवारी : अर्थ आणि मर्यादा
(विशेष संदर्भ : एन.बी.ए. अंतिम मालिका २०१६, सातवा सामना)

प्रस्तावना :

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल या खेळाचा प्रारंभ केला. चेंडू टोपलीत किती वेळा पडला, एवढीच नोंद त्या काळी पुरेशी होती. आज व्यावसायिक सामना संपताच प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दहा-पंधरा रकाने भरलेला तक्ता तयार असतो. या तक्त्यास ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. हा तक्ता कसा वाचावा, त्यातून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष सामन्याच्या आधारे केले आहे.

सामन्याची पार्श्वभूमी :

१९ जून २०१६ रोजी ओकलंड येथे क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स यांच्यात अंतिम मालिकेचा सातवा व निर्णायक सामना झाला. वॉरियर्सनी त्या हंगामातील साखळी टप्प्यात ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला होता. अंतिम मालिकेतही ते ३-१ असे पुढे होते. मात्र क्लीव्हलँडने पुढील दोन सामने जिंकून बरोबरी साधली व सातवा सामना ९३-८९ असा जिंकला. अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून विजेतेपद मिळविण्याची ही पहिलीच घटना होय.

सांघिक आकडेवारीचे विश्लेषण :

बास्केटबॉलमध्ये गुण तीन मार्गांनी मिळतात. कमानीच्या आतून केलेल्या बास्केटला २ गुण, कमानीबाहेरून केलेल्या बास्केटला ३ गुण, आणि प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या प्रत्येक यशस्वी फ्री थ्रोला १ गुण. या सामन्याची फोड पुढीलप्रमाणे आहे.

तक्ता क्र. १ : यशस्वी फेकी / एकूण प्रयत्न
दोन गुणांच्या फेकी : क्लीव्हलँड २७/५७, वॉरियर्स १७/४२
तीन गुणांच्या फेकी : क्लीव्हलँड ६/२५, वॉरियर्स १५/४१
फ्री थ्रो : क्लीव्हलँड २१/२५, वॉरियर्स १०/१३

तीन गुणांच्या फेकींतून वॉरियर्सनी ४५, तर क्लीव्हलँडने केवळ १८ गुण मिळविले. येथे वॉरियर्सची आघाडी २७ गुणांची आहे. दोन गुणांच्या फेकींत क्लीव्हलँड २० गुणांनी (५४ विरुद्ध ३४) आणि फ्री थ्रोमध्ये ११ गुणांनी पुढे आहे. ३१ मधून २७ वजा केल्यास उरतात ते ४ गुण, आणि नेमक्या तेवढ्याच फरकाने सामन्याचा निकाल लागला.

फेकींच्या साध्या टक्केवारीने येथे दिशाभूल होते. एकूण फेकींत क्लीव्हलँडचे यश ४०.२ टक्के (३३/८२), तर वॉरियर्सचे ३८.६ टक्के (३२/८३) आहे. त्यावरून क्लीव्हलँडची नेमबाजी सरस होती असे वाटते. परंतु या टक्केवारीत दोन आणि तीन गुणांची फेक सारखीच मोजली जाते. ही उणीव दूर करण्यासाठी तीन गुणांच्या प्रत्येक यशस्वी फेकीला दीडपट वजन देतात. या ‘परिणामी टक्केवारी’नुसार क्लीव्हलँडचे यश ४३.९ टक्के व वॉरियर्सचे ४७.६ टक्के ठरते. म्हणजेच ज्या संघाची नेमबाजी अधिक फलदायी होती, तोच संघ पराभूत झाला.

याची संगती डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या चार घटकांच्या साहाय्याने लावता येते. नेमबाजी, चेंडू गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो हे ते चार घटक होत. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर चेंडू ताब्यात घेणे. क्लीव्हलँडने ४८, तर वॉरियर्सनी ३९ रिबाउंड मिळविले. फेकींच्या प्रत्येक १०० प्रयत्नांमागे फ्री थ्रोचे यश क्लीव्हलँडच्या बाबतीत सुमारे २६, तर वॉरियर्सच्या बाबतीत १२ एवढेच होते. नेमबाजीतील उणे क्लीव्हलँडने मुख्यतः फ्री थ्रोमधून भरून काढले.

वैयक्तिक आकडेवारीचे विश्लेषण :

सामन्यातील सर्वाधिक गुण पराभूत संघाच्या ड्रेमंड ग्रीनचे आहेत. त्याने ३२ गुण, १५ रिबाउंड व ९ असिस्ट नोंदविले. सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारणीभूत ठरणाऱ्या पासला असिस्ट म्हणतात. ग्रीनच्या १५ पैकी ११ फेकी यशस्वी ठरल्या. याउलट लेब्रॉन जेम्सला २७ गुणांसाठी २४ फेकी कराव्या लागल्या व त्यांपैकी ९ यशस्वी झाल्या. मात्र त्याच्या नावावर ११ रिबाउंड, ११ असिस्ट आणि ३ ब्लॉक आहेत. संपूर्ण मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील व ब्लॉक या पाचही बाबींत दोन्ही संघांमध्ये तो अग्रस्थानी होता.

वॉरियर्सचे प्रमुख नेमबाज स्टीफन करी (४/१४) आणि क्ले थॉम्पसन (२/१०) यांनी मिळून तीन गुणांच्या २४ पैकी केवळ ६ फेकी यशस्वी केल्या. ग्रीनने एकट्याने ८ पैकी ६ केल्या. संघाची सरासरी पाहून हा विरोधाभास लक्षात येत नाही.

आकडेवारीच्या मर्यादा :

८९-८९ अशी बरोबरी असताना, सामना संपण्यास दोन मिनिटांहून कमी अवधी उरला होता. आंद्रे इग्वोडालाची जवळजवळ निश्चित मानली गेलेली फेक जेम्सने मागून धावत येऊन अडविली. तक्त्यात या कृतीची नोंद ‘ब्लॉक : १’ एवढीच आहे. पहिल्या मिनिटातील ब्लॉक आणि हा ब्लॉक यांत तक्ता कोणताही भेद करीत नाही. त्यानंतर ५३ सेकंद शिल्लक असताना कायरी अर्व्हिंगने केलेली निर्णायक फेकही तक्त्यात केवळ ३ गुणांचीच ठरते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. जे मोजलेच गेले नाही, ते तक्त्यात नसते. एन.बी.ए.मध्ये ब्लॉक व स्टील यांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. बचावासाठी विख्यात असलेला बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला. त्याने ११ विजेतेपदे मिळविली, पण त्याच्या अधिकृत ब्लॉकची संख्या उपलब्ध नाही. ती शून्य मात्र नव्हती. रसेलच्या अखेरच्या सामन्यात, म्हणजे १९६९ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात, प्रतिस्पर्धी जेरी वेस्टने ४२ गुण, १३ रिबाउंड व १२ असिस्ट नोंदविले. तरीही रसेलचा बोस्टन संघ १०८-१०६ असा विजयी झाला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र पराभूत संघाच्या वेस्टला मिळाला.

निष्कर्ष :

१. एकच आकडा निकालाचे कारण सांगू शकत नाही. विविध घटकांची बेरीज-वजाबाकी एकत्र पाहावी लागते.
२. प्रत्येक टक्केवारी कशाला सारखे मानते, हे तपासल्याशिवाय तुलना करू नये.
३. कृतीची संख्या व कृतीचे महत्त्व या दोन भिन्न बाबी आहेत.
४. नोंद नसणे म्हणजे कर्तृत्व नसणे नव्हे.

आकडेवारी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. वॉरियर्सची नेमबाजी अधिक फलदायी असूनही ते का हरले, हे आकड्यांनीच उलगडले. परंतु रकाने कोणी ठरविले आणि त्यांत काय मावले नाही, हा प्रश्न तक्ता स्वतः विचारीत नाही. तो वाचणाऱ्याने विचारावयाचा असतो. क्रीडांगणावरील कामगिरीप्रमाणेच जेथे जेथे माणसाच्या परिश्रमाचे मोजमाप रकान्यांत केले जाते, तेथे तेथे हे भान आवश्यक ठरते.