गेलेल्या माणसाचा संगणक उघडताना

दिग्रसमधल्या एखाद्या घरी तेरवी उरकते, पाहुणे पुसद-दारव्ह्याच्या गाड्या धरतात आणि मग कोपऱ्यातल्या संगणकाकडे लक्ष जातं. वडिलांच्या कविता, शेतीचा हिशेब, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यातच. पडद्यावर मात्र पासवर्डची रिकामी चौकट. घरच्यांना वाटतं, आता सारं गेलं. खरं तर पुष्कळदा काहीच गेलेलं नसतं.

जुन्या विंडोज संगणकाचा पासवर्ड हा नुसता दारावरचा राखणदार असतो. आतल्या वस्तूंना त्याने हातही लावलेला नसतो. जाणकार माणूस डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि फायली जशाच्या तशा समोर येतात. पुसून टाकलेल्या फायलीही कधी कधी सापडतात, कारण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर ‘डिलीट’ केल्याने फक्त सूचीतली नोंद रद्द होते; मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत टिकून असतो. म्हणून आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढायची आणि शोधाशोध त्या नक्कलेवरच करायची. नव्या एसएसडीत मात्र पुसलेली जागा आतल्या आत लवकरच साफ होते.

नव्या लॅपटॉपची गोष्टच वेगळी. त्यांत बहुधा बिटलॉकरसारखी व्यवस्था डिस्कवरचं अक्षर न् अक्षर सांकेतिक करून ठेवते. तिच्या १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ या आकड्यावर ३७ शून्यं द्यावीत इतक्या. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या संपायला विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांच्या वयाच्या ७० कोटींहून अधिक पट काळ लागेल! आणि हेच कुलूप ४८ अंकांच्या एका रिकव्हरी कीने क्षणात उघडतं. ती बहुधा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, कधी छापून ठेवलेल्या कागदावर.

गणित अभेद्य असलं, तरी पासवर्ड ठेवतो तो माणूसच. नॉर्वेतल्या ईवार ओसेन केंद्रात एका मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या सूचीचा पासवर्ड, तो जाणणाऱ्या माणसाबरोबरच गेला. २००२ साली केंद्राने जगभरच्या जाणकारांना साद घातली आणि थोड्याच वेळात उत्तर आलं: संग्रह ज्या प्राध्यापकांचा होता, त्यांचं आडनाव उलटं लिहिलेलं! माणूस ओळखीचा असेल, तर त्याचं कुलूपही थोडंफार ओळखीचं असतं.

मराठी घरांत आणखी एक कुलूप निघतं, ते लिपीचं. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप करत होतो. कृतीदेवमध्ये लिहिलेला ‘भारत’ फाइलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर अशा रोमन अक्षरांनीच साठलेला असतो. त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. दुसऱ्या संगणकावर ही फाइल उघडली की वडिलांच्या कवितेऐवजी नुसता गिचमिडकाला दिसतो. फाइल खराब झाली समजून ती पुसू नका. तो फॉन्ट बहुधा त्याच जुन्या संगणकाच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतो. तो दुसऱ्या संगणकावर टाकला की ओळी पुन्हा वाचता येतात, आणि नंतर त्या युनिकोडमध्ये बदलूनही घेता येतात.

हे सारं वारसांच्या संमतीनेच व्हावं. नगरपरिषदेचा मृत्यूचा दाखला हाताशी असावा आणि गेलेल्या माणसाच्या नावाने बँकेचा एकही व्यवहार करू नये. त्याची खाजगी पत्रं उघडण्याआधी तर दोनदा विचार करावा.

जिवंतपणी केलेली सोय मात्र याहून कितीतरी सोपी. गुगलने २०१३ पासून निष्क्रिय खात्याची व्यवस्था दिली आहे. तुम्ही ठरवलेले महिने खातं वापरात नसेल, तर तुम्ही निवडलेल्या माणसांना ते कळतं आणि तुम्ही नेमून दिलेली माहिती मिळते. ॲपलनेही २०२१ मध्ये वारसदार संपर्काची सोय आणली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये आपल्या पश्चात आपल्या माहितीवरचे हक्क बजावणारा माणूस नेमण्याच्या अधिकाराची तरतूद आहे.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा: रिकव्हरी की कागदावर छापा, सातबारा आणि विम्याचे कागद ठेवता त्याच फाइलीत ठेवा आणि घरातल्या एकाला ते सांगून ठेवा.