‘जीवन आणि कार्य’च्या पुढे काय? भाऊसाहेब बांदोडकरांचं उदाहरण

राज्यशास्त्रात किंवा इतिहासात पीएच.डी. करायचं ठरवलेल्या अनेकांच्या पहिल्या सिनॉप्सिसवर असं शीर्षक असतं: ‘अमुक यांचे जीवन व कार्य: एक अभ्यास’. विषय चांगला असतो, नेता मोठा असतो, साहित्यही भरपूर मिळतं. तरी मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘यात संशोधन काय आहे?’ आणि आपण गप्प होतो.

अडचण नेत्यात नसते. ‘जीवन व कार्य’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषयावर माहिती गोळा करता येते; उत्तर शोधायचं तर प्रश्नच लागतो. हा प्रश्न कसा काढायचा, ते आज एका उदाहरणातून बघू: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर.

आधी ठळक माहिती

जन्म १९११, निधन १२ ऑगस्ट १९७३. व्यवसायाने खाणमालक, समाजाने बहुजन. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाची मुख्य मागणी होती गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला गोवा वेगळा हवा होता. बांदोडकर स्वतः ती निवडणूक न लढवता मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. गावोगावी प्राथमिक शाळा, १९६४ चा कूळ कायदा ही त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतली ठळक कामं. त्यांच्या निधनानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

चरित्र म्हणून हे ठीक आहे. पण यात ‘का?’ कुठे विचारायचं?

कोडं कुठे आहे?

विलीनीकरणाचा निर्णय जनमत कौलाने घ्यायचं ठरलं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान झालं. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, संघप्रदेशाचं दोन पानं. एकूण ३,१७,६३३ मतं पडली. त्यात संघप्रदेशाला १,७२,१९१ (५४.२ टक्के) आणि विलीनीकरणाला १,३८,१७० (४३.५ टक्के). फरक ३४,०२१ मतांचा.

म्हणजे पक्ष ज्या मागणीवर उभा राहिला, तीच लोकांनी नाकारली. पक्ष संपायला हवा होता, नाही का? पण मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत मगोला ३० पैकी १६ जागा मिळाल्या आणि एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये जागा वाढून १८ झाल्या.

अडीच महिन्यांच्या आत हे कसं घडलं? हा झाला प्रश्न.

थांबा, कोडं खरं आहे का?

इथे बहुतेक जण लगेच उत्तर देतात: ‘लोकांचं भाऊसाहेबांवर प्रेम होतं.’ असेलही. पण त्याआधी मोजमाप तपासायला हवं. जनमत कौलात सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजली गेली. विधानसभेत मात्र मतदारसंघ वेगवेगळे.

साधं गणित करू. समजा, सारख्याच मतदारसंख्येचे तीन मतदारसंघ आहेत. एका पक्षाला त्यात अनुक्रमे २०, ५५ आणि ५५ टक्के मतं पडली. सरासरी येते सुमारे ४३ टक्के. जनमत कौलात हा पक्ष हरेल, पण विधानसभेत तीनपैकी दोन जागा जिंकेल! एकाही मतदाराने मत बदललेलं नाही, तरी निकाल उलटा.

आता जागा बघा. १९६३ मध्ये मगोच्या १४ आणि सहकारी प्रजा समाजवादी पक्षाच्या २ मिळून १६. युनायटेड गोवन्सच्या १२. १९६७ मध्ये मगो १६, युनायटेड गोवन्स १२. आकडे जवळपास हललेच नाहीत. म्हणजे ‘बांदोडकर परत कसे आले?’ हा प्रश्नच कदाचित चुकीचा आहे. ते कुठे गेलेच नसतील! हे पक्कं करायचं तर दोन्ही निवडणुकांची मतदारसंघनिहाय मतं जनमत कौलाच्या आकड्यांशेजारी ठेवायला हवीत. प्रबंधाचं एक प्रकरण इथेच तयार होतं.

सोपी उत्तरं आणि त्यांची परीक्षा

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘हिंदू विलीनीकरणाच्या बाजूने, ख्रिस्ती विरोधात’. हेही आकड्यांवर घासून बघा. त्या काळी गोव्यात ख्रिश्चनांचं प्रमाण चाळीस टक्क्यांपेक्षा कमी होतं. सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांवर शिक्का मारला असं धरलं, तरी ५४ टक्के होत नाहीत. उरलेली मतं हिंदूंमधून आली असणार. मग कोणत्या हिंदूंनी आणि का? वेगळी विधानसभा टिकावी म्हणून? महाराष्ट्रातल्या दारूबंदीच्या धास्तीने? की बांदोडकरांचं सरकार हवं, पण मुंबईचं नको म्हणून?

इथे एक सावधगिरी. एखाद्या तालुक्यात कुळं जास्त आणि मगोची मतंही जास्त, एवढ्यावरून ‘कुळांनी मगोला मत दिलं’ असं म्हणता येत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीचं वर्तन ठरवणं ही संशोधनातली नेहमीची चूक. तिथे दुसरी साधनं लागतात.

साधनं एकमेकांसमोर बसवा

वर्तमानपत्रांचं बघा. ‘गोमन्तक’ विलीनीकरणवादी, तर ‘राष्ट्रमत’ विरोधक. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर याच ‘राष्ट्रमत’मधलं. दोन्ही दैनिकं मराठीच! म्हणजे ‘मराठीवाले विरुद्ध कोकणीवाले’ ही विभागणीही वाटते तितकी सरळ नाही. एकच दैनिक वाचून लिहिलेलं प्रकरण एकाच बाजूचं होणार. त्यांच्या जोडीला विधानसभेची कामकाज-वृत्तं, राजपत्रं आणि कूळ कायद्याची अंमलबजावणी दाखवणारे महसुली कागद घ्या.

मुलाखती जरूर घ्या, पण आज ‘भाऊसाहेबांनी आम्हाला शाळा दिली’ असं सांगणारे आजोबा १९६७ चं मत सांगत नसतात, तर पन्नासहून अधिक वर्षांत घडलेली आठवण सांगत असतात. ती आठवण खोटी नसते, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असते. कदाचित तुमचा विषय तीच असेल.

तुमच्या नेत्यासाठी

तुमचा नेता दुसरा असेल. त्याच्या कारकिर्दीची तारीखवार यादी करा आणि तीन गोष्टी शोधा. एक, जिथे अपेक्षित होतं ते घडलं नाही अशी जागा. दोन, ती जागा खरी आहे की मोजमापामुळे तशी दिसते. तीन, किमान दोन स्पर्धक उत्तरं आणि प्रत्येक उत्तर खोटं ठरवू शकेल असा पुरावा.

तिसरी गोष्ट सापडत नसेल, तर हातात अजून चरित्रच आहे. चरित्र लिहिण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्यासाठी पीएच.डी.ची पाच वर्षं घालवायची गरज नाही. सिनॉप्सिस टाइप करायच्या आधी ही यादी एका पानावर हाताने लिहून बघा. शीर्षक आपोआप बदलेल.