कोळशाची साक्ष

माझ्या वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे. आमच्या वस्तीतल्या त्यांच्या वयाच्या बहुतेकांची तीच आहे. आईबापांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी शाळेच्या हिशेबाने एक तारीख घालून मोकळे होत. आजीला विचारले तर ती सांगे, "बहात्तरच्या दुष्काळात तुझा बाप रांगत होता." ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा काळ असा दुसऱ्याच्या वहीत अंदाजाने लिहिला गेला. म्हणूनच लिखित पुराव्यावाचून काळ सांगणाऱ्या कार्बन-१४ या पद्धतीची ओळख आपल्या वाचकांना असली पाहिजे, असे मला वाटते.

शिकागो विद्यापीठातील विलार्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली. त्यासाठी लिबी यांना १९६० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ कल्पना अवघड नाही. विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होतो. साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे त्याचा एक अणू, इतके त्याचे प्रमाण अल्प असते. हवेतून तो झाडापाल्यात जातो, तेथून गुराढोरांत आणि माणसांत. राजाच्या हाडात तो ज्या नियमाने शिरतो त्याच नियमाने वेठबिगाराच्या हाडातही शिरतो. जीव आहे तोवर त्याची भरपाई चालू राहते. जीव गेला की आवक थांबते आणि साठा ठरावीक गतीने झिजू लागतो. सुमारे ५७३० वर्षांनी तो निम्मा उरतो, ११४६० वर्षांनी पाव. किती उरला हे मोजले की तो जीव कधी गेला ते कळते.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. सुमारे ५०००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. दगडाच्या हत्याराचे वय ती सांगू शकत नाही, कारण दगड कधी जिवंत नव्हता. उत्तर येते ते 'अमुक वर्षे, अधिक-उणे तमुक' अशा भाषेत. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून त्या उत्तराची दुरुस्ती करावी लागते. शिवाय जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा घराहून पुष्कळ जुना निघू शकतो. चुलीजवळ जळालेले धान्य त्या मानाने भरवशाचे, कारण ते एकाच हंगामाचे असते.

या पद्धतीने महाराष्ट्राच्या भूतकाळाला काय दिले? जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. तेथील कवचाचे वय या पद्धतीने सुमारे २५००० वर्षे ठरले. अन्नाच्या शोधात हिंडणाऱ्या त्या माणसांना सौंदर्याची भूक होती, आणि आपल्याकडे शहामृग होते, या दोन्ही गोष्टींची साक्ष त्या कवचाने दिली.

दुसरे उदाहरण घोड नदीकाठच्या इनामगावचे. शिरूर तालुक्यातील या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकातच कार्बन मापनाची सोय झालेली होती. अशा मापनांतून ही वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ठरली. तेथील लोक जव पिकवत, गुरे पाळत. त्यांच्या उकिरड्यात गुरांची कापल्याच्या खुणा असलेली हाडे मिळाली. मृतांना ते घरातच पुरत, आणि मोठ्या माणसाचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले असत. मात्र वस्तीच्या मध्यभागी, धान्याच्या कोठाराशेजारच्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते.

म्हणजे माणसामाणसांतली उच्चनीचता तेथे होती. परंतु तिला जातिव्यवस्था म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. कोळसा काळ सांगतो, तो जात सांगत नाही. एखाद्या टेकाडात जुना खापरतुकडा सापडला की 'आमचे पुराण खरे ठरले' अशी दवंडी पिटणारे आपण पाहतो. कोळशाचे वय ठरले म्हणून त्यावर बेतलेली कथा खरी होत नाही. आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. इनामगावची माणसे आपलेच पूर्वज, असे केवळ हाडांवरच्या खुणा पाहून म्हणणे त्याच चुकीचे दुसरे टोक होईल.

बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा जन्म इ.स. ४०० च्या सुमारास झाला असे प्रतिपादन केले. त्यांचा आधार ग्रंथांचा आणि तर्काचा होता. लिबींची पद्धत जगापुढे आली ती त्यानंतरच्या वर्षी. इनामगाव त्या काळाच्या हजारावर वर्षे आधीचे असल्याने तेथील कोळसा बाबासाहेबांचा सिद्धांत सिद्ध करीत नाही आणि खोडीतही नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मुळात कालमापनाचाच होता. अस्पृश्यता अनादि आहे, असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी विचारले, ती सुरू केव्हा झाली? ज्या गोष्टीला आरंभ आहे ती माणसाने केलेली असते, आणि ती माणसाला मोडताही येते.

हा प्रश्न आता जमिनीलाही विचारता येईल. जुन्या गावाच्या पांढरीत कोणत्या चुली कुसाच्या आत होत्या आणि कोणत्या बाहेर? बाहेरच्या चुली कोणत्या शतकापासून पेटू लागल्या? आत-बाहेरच्या चुलींतले जळके धान्य तपासले, तर काही दशकांच्या फरकाने का होईना, उत्तर मिळू शकेल. मात्र त्यासाठी गावकुसाबाहेरच्या राखेलाही इतिहास असतो, असे मानणारा संशोधक खड्ड्यात उतरला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतून कथा-कविता लिहिणारी मुले निघाली, वकील निघाले, अधिकारी निघाले. आता काहींनी हाती खुरपे आणि ब्रश घेऊन पुरातत्त्वाकडे वळावे. वडिलांची खरी जन्मतारीख मला कधी कळणार नाही, पण त्यांच्या आजे-पणज्यांची वस्ती कधी वसली, हे कळणे अशक्य नाही.