गोल घुमटाचा आधार

विजापूरचा गोल घुमट ही मुहम्मद आदिलशाहाची कबर. हा सुलतान 1627 मध्ये गादीवर आला आणि 1656 मध्ये वारला. कबरीचे काम त्याच्या हयातीतच सुरू झाले होते, मात्र त्यातले काही शेवटपर्यंत अपुरेच राहिले. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर असल्यामुळे महाराष्ट्रातून शाळांच्या सहली आणि कुटुंबेच्या कुटुंबे तिथे जातात, आणि परतणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते: एवढा मोठा घुमट कसल्याही आधाराशिवाय उभा आहे. हे वाक्य गाईड सांगतात, प्रवासवर्णने छापतात, सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करून घेतात. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तर ‘आजचे इंजिनिअरही थक्क’ असे शेपूट त्याला जोडलेले असते. इंजिनिअर थक्क वगैरे काही नाहीत. घुमटाला आधार आहे, तो खालून डोळ्यांनी दिसतो, आणि त्याचे नीट स्पष्टीकरण 1876 सालच्या पुस्तकात छापलेले आहे.

गैरसमजाचे मूळ एका खऱ्या गोष्टीत आहे. दालनात खांब नाही. एका बाजूला सुमारे 41 मीटर, म्हणजे 135 फूट, असे हे चौरस दालन आरपार मोकळे आहे. खांब आणि त्यावर तुळई अशा बांधकामाची सवय झालेल्या नजरेला खांब दिसला नाही की आधारच नाही असे वाटते. ‘खांबाशिवाय’ हे बरोबर आहे आणि कौतुकाचेही आहे. त्याचे ‘आधाराशिवाय’ करून टाकले की सगळे बिघडते, कारण मग जी गोष्ट पाहण्यासारखी आहे तिच्याकडे मान वर करून कोणी पाहतच नाही.

आधी ओझे किती ते पाहावे. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आणि जाडी सर्वसाधारण तीन मीटर. आकार अर्धगोलाच्या जवळचा आणि वीट-चुन्याच्या कामाचे वजन घनमीटरला 1.8 टन धरले, तर ढोबळ हिशेबाने नुसत्या घुमटाचे वजन चौदा हजार टनांच्या घरात जाते. इतके वजन हवेत तरंगत नाही. ते कुठून तरी जमिनीत जातेच, आणि कुठून जाते ते कळले की ही इमारत कळली.

अडचण अशी की खाली चौरस आहे आणि वर वर्तुळ. घुमटाचे बूड भिंतींच्या मध्यभागी थेट भिंतीवर येते, पण चारही कोपऱ्यांत त्याच्याखाली पोकळी राहते. ती पोकळी ओलांडण्यासाठी विजापूरच्या कारागिरांनी कमानींचा उपयोग केला. प्रत्येक भिंतीवर दोन अशा आठ जागांवरून टोकदार कमानी उठतात. प्रत्येक कमान शेजारची जागा सोडून त्यापुढच्या जागेवर उतरते. अशा आठ कमानी एकमेकींना छेदत जातात आणि नकाशात पाहिले तर भिंतींना तिरके बसवलेले, एकमेकांत अडकलेले दोन चौकोन, म्हणजे आठ टोकांची चांदणी दिसते. चांदणीच्या आत उरतो तो अष्टकोन. कमानींमधला भाग दगडी कामाने भरून काढला की अष्टकोनाचे वर्तुळ होते.

जेम्स फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराने भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या आपल्या इतिहासात याची मापे दिली आहेत. जमिनीपासून 57 फुटांवर दालन आत झुकू लागते, आणि 109 फूट 6 इंचांवर त्याचे तोंड 97 फूट व्यासाचे होते. घुमट मात्र या तोंडाच्या काठावर ठेवलेला नाही. त्याचा व्यास 124 फूट, म्हणजे तो काठापासून बराच मागे सरकून, भिंतींच्या जवळ बसतो. काठ आणि घुमट यांच्यामध्ये उरलेली गोल जागा म्हणजेच लोक जिथे कुजबुजायला जातात तो सज्जा. हा सज्जा सोयीसाठी मागाहून काढलेला नाही. घुमट मागे बसवल्यामुळे तो आपोआप निघाला आहे.

घुमट इतका मागे का बसवला, याचे उत्तर ‘आधाराशिवाय’ म्हणणाऱ्यांना सुचत नाही, कारण मुळात त्यांच्यापुढे हा प्रश्नच उभा राहत नाही. घुमट फक्त खाली दाबत नाही, तो बुडाशी बाहेरही रेटतो. स्वतःच्या वजनाखाली अर्धगोल घुमटाचा वरचा भाग आवळला जातो, तर माथ्यापासून सुमारे 52 अंशांच्या खालचा भाग फाकू पाहतो. वीट आणि चुना दाब उत्तम सोसतात, ताण फारसा सोसत नाहीत. म्हणून जगातल्या मोठ्या घुमटांना तडे जातात ते बहुधा खालच्या भागात, उभे. रोममधल्या सेंट पीटर्सच्या घुमटाला असेच तडे गेले, तेव्हा पदुआच्या जोव्हानी पोलेनी या गणितज्ञाकडून तपासणी करून घेऊन 1740 च्या दशकात घुमटाभोवती लोखंडाच्या नव्या कड्या आवळाव्या लागल्या. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात, तसाच हा उपाय. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात बांधकाम चालू असतानाच दगडी आणि लाकडी कडी आत घातली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट 537 मध्ये पुरा झाला आणि 558 मध्ये कोसळला. पुन्हा बांधताना तो जास्त उंच केला, कारण उभट घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो.

विजापुरात हा रेटा वजनाने तोलला आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आणि त्यांच्यामधला भराव मिळून दगडी कामाचे प्रचंड ओझे दालनाच्या आत झुकलेले आहे. घुमट बाहेर रेटतो, हे ओझे आत ओढते. आत झुकलेले काम आत पडत का नाही? ते गोल आहे म्हणून. चारही बाजूंनी आत येणारे दगड एकमेकांना अडवतात. फर्ग्युसनचे म्हणणे नेमके हेच आहे, आणि घुमटाची बाह्यरेषा न बिघडवता साधलेला हा तोल त्याला इमारतीतला सर्वांत कल्पक भाग वाटला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने 1916 मध्ये, विजापूर मुंबई इलाख्यात असताना, इथल्या वास्तूंवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने घुमटाच्या घडणीकडे लक्ष वेधले: विटांचे आडवे थर आणि दोन थरांमध्ये सढळ हाताने घातलेला उत्तम चुना, त्यामुळे सगळे मिळून जवळजवळ एकसंध कवच. दोन्ही निरीक्षणे एकमेकांना पूरक धरणेच बरे. कवच पूर्ण एकसंध असते तर त्याचा रेटा बाहेर आलाच नसता, पण चुन्यावर ताणाच्या बाबतीत एवढा भरवसा टाकता येत नाही. तिथे कमानींचे ओझे आणि सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंती कामाला येतात. पाया खडकावर असल्यामुळे एखादी बाजू खचून तोल बिघडला, असेही झाले नाही.

ही युक्ती गोल घुमटात एकाएकी अवतरलेली नाही. विजापूरच्याच जामा मशिदीत, पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात सुरू झालेल्या कामात, मधला घुमट अशाच छेदणाऱ्या कमानींवर आहे. तो बराच लहान आहे. म्हणजे एका पद्धतीवर आधी हात बसला होता आणि मग ती मोठ्या मापाला लावली. ‘अज्ञात विद्या’, ‘हरवलेले तंत्र’ असले शब्द वापरणाऱ्यांनी विजापुरातल्या विजापुरात थोडी पायपीट करून मशीद पाहिली तरी पुरे.

खरे तर पायपीटही नको. सज्जात जायचे म्हणजे कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद, उंच पायऱ्यांनी सात मजले चढून गच्चीवर यायचे आणि घुमटाच्या बुडातल्या दारातून आत शिरायचे. हे दार ओलांडायला एक पाऊल पुरत नाही. दोन्ही अंगांना जाड भिंत असलेल्या छोट्या बोळातून तीन-चार पावले टाकावी लागतात. ती घुमटाची जाडी. आत आल्यावर पायाखालचा सज्जा म्हणजे कमानींच्या भरावाचा माथा, आणि कठड्यावरून खाली डोकावले की त्याच कमानींच्या कडा तिरप्या जाऊन भिंतींना मिळताना दिसतात. माणूस आधाराच्या पोटातून आत येतो, आधारावर उभा राहतो आणि शेजारच्याला सांगतो की याला आधार नाही.

याच वास्तूबद्दलचे बाकीचे गैरसमज एवढा वेळ घेण्यासारखे नाहीत.

‘जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट.’ व्यासाने नाही, कधीच नव्हता. तो बांधला गेला तेव्हा रोमचे पँथिऑन 43.3 मीटरचे होते, फ्लॉरेन्स आणि सेंट पीटर्स हे दोन्ही घुमट सुमारे 42 मीटरचे होते. 38 मीटरचा गोल घुमट या तिघांच्या मागे येतो. आजच्या पोलादी घुमटांशी तर तुलनाच नको, सिंगापूरच्या राष्ट्रीय स्टेडियमचा घुमट 310 मीटरचा आहे. मोठेपणा हवाच असेल तर तो वेगळ्या मापात आहे. एका घुमटाखाली झाकलेली जागा मोजली तर पँथिऑनमध्ये ती 15,833 चौरस फूट भरते आणि गोल घुमटात 18,000 चौरस फुटांच्या वर. लहान घुमटाखाली मोठी जागा बसली ती कमानींमुळेच, कारण कोपरे तोडून न टाकता दालनात घेतले गेले. हा विक्रम सांगायला कोणाला सुचत नाही याचे नवल वाटते.

‘माथ्यावरचा मधला दगड काढला की सगळे कोसळेल.’ तसा एकही दगड घुमटाला लागत नाही. कमानीला कळीचा दगड लागतो. घुमटातला प्रत्येक आडवा थर पुरा झाला की स्वतःच एक बंद कडे बनतो आणि टिकतो. पँथिऑनच्या माथ्यावर आठ मीटरहून मोठे भोक आहे आणि ते एकोणीस शतके उघडेच आहे.

‘घुमट दगडी आहे.’ भिंती दगडाच्या आहेत, घुमट विटांचा.

‘चार मनोऱ्यांनी तो पेलला आहे.’ मनोऱ्यांत जिने आहेत. घुमट त्यांच्यावर टेकलेला नाही.

‘चुन्यात गूळ, उडीद आणि अंडी होती म्हणून तो टिकला.’ चुन्यात गूळ किंवा डाळीचे पाणी घालण्याची रीत भारतात होती, यात शंका नाही, आणि चुना चांगला मुरायला तिचा उपयोग होतो. पण त्यामुळे घुमट उभा राहत नाही. अर्धगोल घुमटाच्या बुडाशी स्वतःच्या वजनाने येणारा दाब त्याच्या जाडीवर नव्हे, तर त्रिज्येवर आणि मालाच्या घनतेवर ठरतो. इथे तो चौरस सेंटिमीटरला चार किलोच्याही आतच भरतो. आज बाजारात मिळणारी साधी वीट 35 किलो तरी सोसते. माल चिरडण्याची भीती इथे नव्हतीच. भीती होती फाकण्याची, आणि तिच्यावर गुळाचा इलाज चालत नाही.

‘आवाज घुमावा म्हणून हे खास बांधले.’ तसा हेतू असल्याचा समकालीन पुरावा कोणी पुढे केलेला नाही, आणि त्याची गरजही नाही. सज्जाच्या पातळीवर आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत यायला सुमारे 76 मीटर जातो, म्हणजे जवळपास पाव सेकंद. दोन आवाज वेगळे ऐकू यायला कानाला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, म्हणून टाळी सुटी सुटी आणि पुन्हा पुन्हा ऐकू येते. कुजबुज पलीकडे पोचते ती गोल भिंतीला चिकटून सरकत जाते म्हणून. लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल्सच्या सज्जाबाबत हे दाखवले, आणि सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातल्या अशा वास्तूंचा अभ्यास केला त्यात विजापूरही होते. कडक, गुळगुळीत आणि पुरेशी मोठी कोणतीही गोल भिंत असेच वागते. शिवाय कबरीवर कुराणपठण होते हे लक्षात घेतले तर प्रत्येक शब्दावर सात-आठ शब्द चढवणारे दालन कोणी मुद्दाम मागवले असेल असे वाटत नाही.

‘दालनातल्या चौथऱ्यावर सुलतानाला पुरले आहे.’ चौथऱ्यावर दिसतात ती फक्त थडग्यांची चिन्हे. खऱ्या कबरी त्यांच्या खाली तळघरात आहेत.

‘दाभोळच्या याकूतने हा घुमट बांधला.’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळशी नाते सांगणारे हे नाव मराठी वाचकाला आवडते, त्यामुळे ते ठामपणे लिहिले जाते. याकूत दाभोळीचे नाव जामा मशिदीच्या मिहराबावरच्या लेखात येते, आणि तो लेख 1636 मधल्या तिथल्या सजावटीचा आहे. गोल घुमटाच्या दक्षिण दारावरच्या लेखात सुलतानाच्या मृत्यूचे हिजरी वर्ष 1067 तीनदा साधले आहे. बांधणाऱ्याचे नाव त्यात नाही.