सेम्बावांगची ‘कपचाय’

गेले तीन रविवार आम्ही सेम्बावांगला जात आहोत. पहिल्या रविवारी गेलो तो नुसता चहाला. पुढच्या दोन रविवारी जुने कपडे घालून गेलो, कारण पहिल्या वेळचा सदरा गंजाच्या डागांनी कामातून गेला होता.

ज्यांच्या घरी गेलो त्या काकांनी आपले नाव छापायचे नाही, असे काकूंकरवी बजावले आहे. वाचकांपैकी काहीजण त्यांना ओळखतीलच. त्याला आमचा इलाज नाही. काकांची सारी नोकरी गोदीत गेली. ब्रिटिश आरमाराची सेम्बावांगची गोदी १९६८ साली सिंगापूर सरकारच्या हाती आली आणि तिचे शिपयार्ड झाले. काका तेथे १९७२ मध्ये फिटर म्हणून लागले. कॅनबेरा, वेलिंग्टन, माल्टा, जिब्राल्टर अशी साहेबाच्या साम्राज्याची नावे त्या भागातल्या रस्त्यांना आहेत. त्या रस्त्यांनी काका आधी सायकलने कामावर जात आणि १९७९ पासून होंडा सी-७० वर.

ही गाडी म्हणजे आपल्याकडची ‘कपचाय’. होंडाच्या ‘कब’ या नावातले ‘कप’ आणि चिनी बोलीतले ‘चाय’, म्हणजे लहानगे, यांचा हा संकर. १९५८ साली जपानात ही सुपर कब निघाली. नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात खोके धरून दुसऱ्या हाताने चालवता यावी, म्हणून हिला क्लचचा दांडाच ठेवलेला नाही. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या तयार झाल्या. मलायात होंडा आणली ती पिनांगच्या लोह बून स्यू यांनी. पुढे दूधवाले, पोस्टमन, मासळीवाले, सगळे हिच्यावर बसले. काकांनी हिच्यावरून काकूंना बाळंतपणासाठी नेले होते, असे काकू सांगतात. काका ते नाकबूल करतात, म्हणजे मान हलवतात.

मान हलवतात असे म्हणतो, कारण सहा वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. त्या दिवसापासून गाडी पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या कापडाखाली उभी होती. रस्त्यावर आणणार नाही या बोलीवर मुलाने तिचे कागद जिवंत ठेवले होते, इतकेच.

आता प्रश्न कागदांचाच आला. १ जुलै २००३ च्या आधी नोंदलेल्या मोटारसायकली ३० जून २०२८ नंतर आपल्या रस्त्यांवर चालणार नाहीत. सूट आहे ती जुन्या वाहनांच्या खास योजनांत नोंदलेल्यांना. मुलाचे म्हणणे, गाडी भंगारात द्यावी. तो काही वाईट बोलत नव्हता. बंद गाडीवर दरवर्षी पैसे का घालायचे? पण एकदा नोंदणी रद्द झाली की परतीचा रस्ता नाही, आणि नवी गाडी घ्यायची तर मोटारसायकलीच्या सीओईचा भाव २०२२ च्या नोव्हेंबरात तेरा हजार डॉलरांच्या वर गेलेला सर्वांनी पाहिला आहे. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या नातीने नुकतेच टू-बी लायसन्स काढले आहे. ती म्हणाली, “बाबा, आधी चालते का बघू. चालली नाही तर द्या.” मुलाने महिनाअखेरीची मुदत दिली. त्याच चहाला आम्ही नेमके हजर होतो.

वाचकहो, तुमच्याकडेही अशी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल तर एक गोष्ट ध्यानात धरा: कापड काढल्याबरोबर किक मारू नका. उभ्या इंजिनात सिलिंडरवरचे तेल उतरून जाते, पिस्टनच्या रिंगा गंजून धरतात, आणि जोराची किक मारली तर आत ओरखडे उठतात. नातीने प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर इंजिन तेल सोडले आणि गाडीला रात्रभर हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी किकचा दांडा हाताने हळूहळू दाबला. तो सरकला. तिने आम्हाला फोन करून सांगितले ते इतक्या आनंदाने, की आम्हाला वाटले गाडी चालूच झाली.

पेट्रोलचे मात्र वाटोळे झाले होते. हिची टाकी सीटखाली असते. झाकण उघडले तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास. ते ओतून टाकले. टाकीत व्हिनेगर भरून ठेवले, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुतली आणि कडकडीत वाळवली. गंजाचे पाणी निघाले ते चहाच्या रंगाचे. आमचा सदरा गेला तो येथे.

सुटे भाग आणायचे कोठून, ही पुढची विवंचना. पूर्वी असले काही लागले की काका सुंगेई रोडच्या बाजारात जात. जमिनीवर पसरलेल्या ढिगातून हवा तो नट उचलायचा आणि घासाघीस करून घ्यायचा. तो बाजार १० जुलै २०१७ ला बंद झाला. नात कॉजवे ओलांडून जोहोर बाहरूला गेली. तेथे कपचायवाल्यांची वाण नाही. प्लग, केबली, ब्रेकचे जोडे आणि ट्यूबा सगळे एका दुकानात मिळाले. मागचा टायर तेवढा मिळाला नाही.

दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर उघडला. खालच्या वाटीत वाळलेल्या पेट्रोलचा डिंक साचला होता आणि जेटची दोन्ही भोके बुजली होती. आम्ही शहाणपणाने सुई पुढे केली. काकांनी डाव्या हाताने ती बाजूला सारली आणि दिव्याच्या जुन्या वायरीकडे बोट दाखवले. तिच्यातली तांब्याची एकच तार काढून भोकातून फिरवायची. पोलादी सुईने भोक मोठे होते आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. पॉइंट घासले. पाऊण लिटरभर नवे तेल घातले. बॅटरी मेलेली होती, पण हिची ठिणगी मॅग्नेटोतून येते. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली तर निळी ठिणगी स्वच्छ दिसली.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, आणि गाडी ढिम्म. नातीने किका मारल्या, आम्ही मारल्या, शेवटी मुलानेही मारल्या. एक उसासा टाकून गप्प. संध्याकाळ झाली, डास आले. मुलाने भंगारवाल्याचा नंबर काढून ठेवला.

तिसऱ्या रविवारीही तेच चालले होते. काका चाकाच्या खुर्चीत पोर्चच्या कडेला बसून ऐकत होते. एकाएकी म्हणाले, “श्वास... नाही.” काकू हातातले ताट टाकून धावल्या. मुलगा अँब्युलन्सला फोन लावू लागला. काका चिडून मान हलवत होते, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, आणि डावा हात जेवढा लांबेल तेवढा पुढे करीत होते. नातीच्या आधी लक्षात आले. ती गाडीच्या मागे गेली, सायलेन्सरच्या तोंडाला तळवा लावला आणि आम्हाला म्हणाली, “किक मारा.” आम्ही मारली. तळव्याला वाऱ्याची झुळूकही लागली नाही.

सायलेन्सरच्या आत कुंभारणीने घर केले होते. कुंभारीण म्हणजे मातीची घरटी बांधणारी ती बारीक कमरेची माशी. वाकवलेल्या तारेने उकरले तेव्हा मुठी दोन मुठी कडक माती निघाली, आणि मातीच्या कोठड्यांत पिलांसाठी भरून ठेवलेले वाळके कोळी. धूर बाहेर जायला वाट नाही, तर नवी हवा आत येणार कशी? आम्ही तिघे दोन रविवार पुढूनच शोधत होतो.

चौथ्या किकेला गाडी लागली. आत सोडलेले तेल जळून असा पांढरा धूर निघाला, की शेजारच्या चिनी आजीबाई खिडक्या लावायला धावल्या. मग धूर विरळ झाला, पण इंजिन उगाच जोरात घुरघुरत राहिले. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. खुर्ची गाडीला भिडवली. डाव्या हाताने, जो त्यांचा कामाचा हात कधीच नव्हता, त्यांनी कार्ब्युरेटरचा स्क्रू अंदाजाने अर्धा फेरा सैल केला, थोडा परत आवळला. आवाज खाली आला आणि एका लयीत चालू लागला. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर नातीच्या हातात दिला. “चहा,” म्हणाले.

मुलाने भंगारवाल्याला फोन केला नाही. महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत आणि गाडी तपासणीला उतरायची आहे. तेथपर्यंत ती लॉरीवर घालून न्यावी लागेल. जुन्या वाहनांच्या योजनेचे अर्ज नात वाचते आहे. त्या योजनेत गाडी वर्षातून मोजकेच दिवस बाहेर काढता येते, पण काकांच्या मते तेवढे दिवस सेम्बावांग पार्कच्या धक्क्यापर्यंत जाऊन यायला पुष्कळ झाले. मागच्या टायरसाठी ती शनिवारी पुन्हा जोहोरला जाणार आहे. कोणा वाचकाकडे सतरा इंची पडून असेल तर आम्हाला कळवावे.