दोन दगडांमधले लुप्त बन

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका मराठी माणसाला गाणगापुरामुळे परिचित आहे. ह्या भागात दोन दगड नित्य पाहावयास मिळतात. एक पायाखालची शहाबादी फरशी, दुसरा शेताच्या बांधावरचा काळा फत्तर. फरशी हा एका प्राचीन उथळ समुद्रातील चुनखडीचा थर होय. तो साचला तेव्हा जमिनीवर गवताची काडीदेखील उगवली नव्हती. काळा फत्तर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झाला. दोहोंच्या दरम्यान कोट्यवधी वर्षे लोटली. परंतु तेवढ्या काळाचे पान येथील खडकांत जवळजवळ कोरेच आहे. अश्वपुच्छ वनस्पतींचे पूर्वज नेमके त्याच काळात वाढले आणि लयास गेले.

ह्या कुळातील इक्विसीटम ही एकच प्रजाती आज जिवंत आहे, व तिच्या जाती जेमतेम पंधराएक. ओढ्याकाठच्या वाळूत ती उगवते. तिचे हिरवे खोड जोंधळ्याच्या ताटासारखे पेरापेरांचे, पण आतून पोकळ असते. पेरावर लांब पान नाही. दातेरी कडेचे लहानसे वेष्टन तेवढे असते. हिला फूल नाही, बीही नाही; शेंड्यावरील बोंडातून बीजाणू उडतात. खोडात वाळूचेच द्रव्य, म्हणजे सिलिका, असल्यामुळे युरोपात पूर्वी भांडी घासावयास हिचा उपयोग करीत.

अशा क्षुद्र दिसणाऱ्या वनस्पतीचे आप्त एके काळी ३० मीटरपर्यंत उंच वाढत, हे कोणास सांगूनही खरे वाटणार नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्तालगतच्या दलदलींत कॅलामाइटीझ नावाच्या वृक्षांची दाटी होती. युरोप-अमेरिकेतील कोळशाच्या थरांत त्यांचे अवशेष विपुल सापडतात. ते पन्हाळी पडलेल्या वेळूसारखे दिसतात, आणि नावही बोरूवरून पडले आहे. पण गंमत अशी की, हाती येणारा दगड बहुधा झाडाचा नसतोच! खोडाच्या पोकळीत गाळ शिरून घट्ट झाला, भोवतालचे लाकूड कुजून गेले, आणि पोकळीचा ठसा तेवढा राहिला. त्यावरील रेघा सालीच्या नव्हेत, आतल्या भिंतीच्या.

हिंदुस्थानचा भूभाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होता. हवा थंड होती. हिमनद्या ओसरल्यावर येथे वेगळेच आप्त वाढले. फायलोथेका हिच्या पानांचे बुडखे जुळून पेराभोवती नरसाळे बने व टोके बाहेर पसरत. शायझोन्यूरा हिची जुळलेली पाने फाटून दोहों बाजूंस वळत. त्यांचे अवशेष पाहावयास अफजलपूर सोडून नागपूरकडे, कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्माकडे वळले पाहिजे.

तेथे हे काम आरंभिले ते स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने. १८४६ साली त्यांनी नागपुरास शाळा काढली, आणि सवड मिळेल तेव्हा खाणी धुंडाळल्या. त्यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे धाडलेल्या नमुन्यांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले, व त्यांतील एका जातीस फायलोथेका इंडिका हे नाव दिले. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून वारले. शाळामास्तरकी सांभाळून केलेले त्यांचे हे काम आजही अभ्यासकांस आधारभूत वाटते.

पाथरवटाच्या घणाखाली असला ठसा क्षणात भुगा होतो, आणि थर न नोंदता घरी नेलेला तुकडा अर्धा मुका होतो. खाणीत नुकताच चिरलेला दगड तिरप्या उन्हात धरून पाहावा. पेराभोवती चक्रासारखी पाने दिसली, तर तो जागच्या जागी ठेवून खाणीचे नाव, थराची खोली आणि दिवस लिहून घ्यावा व जवळच्या कॉलेजातील भूविज्ञानाच्या अध्यापकास कळवावे.