जुना सीआरओ बंद पडलाय? भंगारात देण्याआधी पॉवर सप्लाय तपासा

इंजिनीअरिंग केलेल्यांना लॅबमधलं हे दृश्य आठवत असेल. टेबलावर ओळीने सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप. त्यातल्या तीन-चारांवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी. आमच्या चार वर्षांत त्यातला एकही कुणी उघडलेला पाहिला नाही. शेवटी ते किलोच्या भावाने गेले. पुढे अशा यंत्रांच्या दुरुस्तीबद्दल वाचत गेलो, तेव्हा वाईट वाटलं. त्यातले एक-दोन तरी छोट्याशा कपॅसिटरपायीच अडले असावेत.

नेमकं बिघडतं काय?

टेक्ट्रॉनिक्स ४६५ चं उदाहरण घेऊ. १९७२ मध्ये अमेरिकेत आलेला, १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा हा ऑसिलोस्कोप. जगभरातले हौशी लोक तो आजही दुरुस्त करून वापरतात.

आतला पॉवर सप्लाय ५, १५, ५५, ११० असे वेगवेगळे व्होल्टेज तयार करतो. प्रत्येक व्होल्टेजची लाइन बोर्डभर फिरते आणि त्यातल्या काही लाइनवर जागोजागी मण्याएवढे टँटलम कपॅसिटर बसवलेले असतात. वय झालं की त्यातला एखादा शॉर्ट होतो. मग ती अख्खी लाइन शून्यावर येते आणि यंत्र मेल्यासारखं दिसतं. बाकी सगळे भाग ठणठणीत असतात!

शोधायचं कसं?

यंत्राचा प्लग काढून ठेवा, आतला चार्ज उतरू द्या आणि मल्टिमीटरने प्रत्येक लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. एखादी लाइन जवळपास शून्य ओहम दाखवत असेल, तर गुन्हेगार तिच्यावरच आहे. बाहेरून एखाद्या व्होल्टचा, मर्यादित करंटचा सप्लाय त्या लाइनला जोडा आणि बोर्डवर व्होल्टेज मोजत पुढे सरका. जिथे ते सर्वांत कमी, तिथे शॉर्ट.

पहिल्यांदा वीज देतानाही घाई नको. आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक वर्षानुवर्षं वापरतात तो सिरीज बोर्ड इथे उपयोगी पडतो. जुना, तारेचा बल्ब यंत्राच्या सिरीजमध्ये लावायचा. आत मोठा शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि यंत्र वाचतं. परदेशातून आलेल्या यंत्राच्या मागे ११५/२३० व्होल्टचा स्विच असतो, तो मात्र आधी बघा.

आणि हो, ‘सगळे कपॅसिटर बदलून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. पन्नास ठिकाणी सोल्डरिंग केलं की जुन्या बोर्डचे ट्रॅक उखडतात, एखादा कपॅसिटर उलटा बसतो आणि मूळ बिघाडात दोन नव्यांची भर पडते. आधी मोजा, मग बदला. अपवाद एकच : मेन्स फिल्टरमधले जुने पेपर कपॅसिटर. त्यांच्या वेष्टनाला तडे जाऊन आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही वेळात खोलीभर धूर होतो. आपल्या पावसाळ्यात तर ते न मोजताच काढलेले बरे.

टर्मिनलचं काय?

१९७८ चं डीईसी व्हीटी-१०० हे टर्मिनल घ्या. ८० कॉलम, २४ ओळी. आज लिनक्सची टर्मिनल विंडो जे कंट्रोल कोड वापरते, त्यातले बरेचसे याच मशीनमुळे रुळले. इथेही सुरुवात पॉवर सप्लायपासूनच. पण त्या काळच्या टर्मिनलना एक वेगळा आजारही होतो : पिक्चर ट्यूब आणि पुढची काच यांमधला चिकट थर खराब होऊन स्क्रीनवर मोतीबिंदूसारखे डाग पडतात. तो थर गरम करून, तारेने कापत काच सोडवावी लागते. ट्यूब फुटली तर काचा अंगावर येतात, त्यामुळे हे नवशिक्याचं काम नाही.

पिक्चर ट्यूब असलेल्या कुठल्याही यंत्रात हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज ट्यूबमध्ये राहू शकतो. तो उतरवायची पद्धत जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. चालू यंत्रात मोजताना जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवतात, कारण दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो.

४६५ चं सर्व्हिस मॅन्युअल स्कॅन करून नेटवर ठेवलेलं आहे. कुठल्या पॉइंटवर किती व्होल्ट हवेत, हे त्यात सर्किटसकट दिलंय. लॅबच्या कपाटात अजून एखादा ४६५ पडून असेल, तर आधी त्यातलं पॉवर सप्लायचं पान उघडा.